सतरा तारखेचं मशीन

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईकडे लोक दोनदा बघतात. एकदा दार उघडल्यावर, आणि दुसऱ्यांदा तिच्यामागून कुणी पुरुष जिना चढत येतोय का ते बघायला. मग नाइलाजानं आत घेतात आणि स्क्रू काढेपर्यंत डोक्यावर उभे राहतात. मला आता त्याचं काही वाटत नाही. वीस वर्षं हेच करतेय. बहुतेक बिघाड साधेच असतात, माणसं ते अवघड करून सांगतात. वायर सैल झालेली असते आणि घरचे व्हायरसच्या नावानं बोटं मोडत असतात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे वाक्य मी रोज एकदा तरी मनात म्हणते. मोठ्यानं म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

टायपिस्टबाईंनी मात्र मला पहिल्या दिवसापासून एकदाच बघून आत घेतलं होतं. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर मशीन, शेजारी प्रिंटर, भिंतीला टेकून एका स्टुलावर फोन. आतल्या खोलीत एक खाट आणि कपाट. बाई लोकांचे प्रबंध, अर्ज, करारनामे टाइप करून द्यायच्या. टेबल असं होतं की काम करताना त्यांची पाठ दोन्ही दारांकडे यायची. टेबल फिरवा, उजेडही बरा येईल, असं मी एकदा सुचवलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

मशीन जुनं होतं, पण माझ्या हातात नीट चालत होतं. खोड एकच. प्रत्येक मशीनच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. मशीन बंद असलं, भिंतीवरचं बटण बंद असलं, तरी आतलं घड्याळ ती चालू ठेवते. ती मेली की मशीन तारीख विसरतं. चालू करताना काळ्या पडद्यावर अडून बसतं, तारीख लावलेली नाही म्हणून कुरकुरतं आणि पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं एक बटण दाबा म्हणतं. बाईंच्या मशीनची ती बॅटरी कधीच मेलेली होती. रात्री त्या भिंतीवरचं बटण बंद करायच्या आणि सकाळी ते एक बटण दाबून कामाला लागायच्या. मी दर खेपेला म्हणायचे, बाई, नवी घालते, अगदी क्षुल्लक काम आहे. त्यांचं एकच उत्तर, मला त्या बटणाची सवय आहे. मला अर्धवट सोडलेलं काम बघवत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता माझा पारा चढायचा. आता मी कुणाच्याही मशीनची तारीख लावत नाही. ज्याची त्याला लावायला सांगते आणि तेवढा वेळ खिडकीबाहेर बघते.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. घड्याळ विसरलेली मशीनं सगळी एकसारखीच विसरतात. ज्या वर्षी बनली त्या वर्षाच्या एक जानेवारीला जाऊन बसतात. हे मशीन रोज सकाळी जायचं ते एका सतरा एप्रिलला, तेही बनल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेल्या. मी म्हटलं, असेल कंपनीची काही गंमत. आपल्या डोक्यात न बसणाऱ्या गोष्टी कंपनीच्या माथी मारायची आमच्या धंद्यात पद्धतच आहे.

बाईंचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर राहायचा. मी सकाळी गेले की तो आतल्या खोलीत बॅग भरत असायचा. निळ्या रेघांचा शर्ट, खिशात घडी घातलेला कागद, एका पायात मोजा, दुसरा मोजा शोधणं चालू. मला बघितलं की दारातून डोकं काढून विचारायचा, "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" मी म्हणायचे, बरा आहे. तो हसायचा. हसणं मोठं छान होतं त्याचं, सगळा चेहरा त्यात यायचा. एकदा मी कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नोकरी लागली. दुपारच्या गाडीनं निघतोय." मी पेढे मागितले. काही महिन्यांनी पुन्हा गेले, पुन्हा बॅग, पुन्हा विचारलं, तर पुन्हा नोकरी लागली. मला वाटलं, बिचाऱ्याच्या नोकऱ्या टिकत नसाव्यात. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, असा भाऊ बरा, घरात कमी आणि प्रवासात जास्त. आम्ही दोघं हसलो होतो. ते हसणं आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच बाईंचा फोन आला. प्रिंट अडकली म्हणून त्यांनी मशीन रीस्टार्ट केलं होतं आणि आता ते उघडत नव्हतं. मी दुपारी येते म्हटलं.

"आत्ता ये," त्या म्हणाल्या. "दुपारी नाही."

बाईंनी कधी घाई केलेली मला आठवत नव्हती. मी शटर पुन्हा ओढलं आणि निघाले.

दार उघडंच होतं. मशीनच्या पडद्यावर तीच ओळ, तारीख लावलेली नाही, बटण दाबा. बाई टेबलापाशी नव्हत्या, आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. मी नेहमीसारखी आत डोकावले. भाऊ खाटेच्या कडेवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, अंगठे मोज्यात, मोजा घोट्यापर्यंत चढलेला. मी म्हटलं, काय हो, निघालात का आज पण? तो काही बोलला नाही. मला जरा लागलं. एरवी डॉक्टर डॉक्टर करणारा माणूस, आज मान वळवायलाही तयार नाही. म्हटलं, बहीणभावांचं काही बिनसलं असेल, आपण आपलं काम करावं.

मशीनचं झाकण काढलं. धूळ झटकली, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसून पुन्हा बसवल्या, वायरी एकेक करून दाबून बघितल्या. काही फरक नाही. मग लक्षात आलं की कीबोर्डवरचा दिवाच लागत नव्हता. मागचं गोल सॉकेट हुंगलं, जळका वास आला. माझ्याकडचा कीबोर्ड चपट्या पिनचा होता. तो लावला, पण इतकं जुनं मशीन बॅटरीशिवाय असला कीबोर्ड ओळखत नाही. म्हणजे बटण दाबायला कीबोर्ड हवा आणि कीबोर्ड चालायला बॅटरी हवी. निदान झालं तसं मला बरं वाटलं. बरेच दिवस हुलकावणी देणारी ती बॅटरी आज बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हे सांगायला मी मान वर केली. भाऊ तसाच बसला होता. मोजा घोट्यापर्यंतच होता. आतल्या खोलीतला पंखा जोरात फिरत होता, त्याच्या कॉलरचं टोक फडफडत होतं, कपाटाला अडकवलेला टॉवेल हलत होता. तो हलत नव्हता. मी बघत राहिले. माणूस कितीही स्तब्ध बसला तरी त्याची पाठ थोडी वरखाली होते. ती होत नव्हती.

"बाई, भाऊंना काय झालंय?"

"मशीन उघडलं की होईल नीट," त्या म्हणाल्या. "तू उघड."

मी बॅटरी बदलावी लागेल म्हणून सांगितलं. त्या नको म्हणाल्या. दुसरा इलाज विचारला. दुसरा इलाज म्हणजे आतला बोर्डच बदलायचा, पण मग हे मशीन हे राहत नाही, फक्त डबा तोच. त्यावर त्या खुर्चीवर बसल्या. आजवर त्यांनी मला कधी ताकास तूर लागू दिली नव्हती, पण त्या वेळी त्यांना सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"एकदा गेला तो," त्या म्हणाल्या. "खरंच गेला. संध्याकाळी मला फोन आला."

पुढचं त्यांनी खाली बघत सांगितलं. भावाला नोकरी लागली होती. दुपारी बॅग घेऊन तो दारात आला, येतो गं ताई म्हणाला. कुणाचा तरी प्रबंध त्याच दिवशी द्यायचा होता. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता नुसतं हं केलं. तो लगेच गेला की थोडा थांबला, हेसुद्धा त्यांना माहीत नाही, कारण त्यांनी वळून बघितलंच नाही. संध्याकाळी फोन आला, की गाडी पुलावरून खाली कोसळली. त्या गेल्या, ओळख पटवली, सही केली, सगळं उरकलं. घरी परत आल्या तेव्हा हातांना काहीतरी हवं म्हणून मशीन चालू केलं. तारीख विसरून ते काळ्या पडद्यावर थांबलं होतं. त्यांनी बटण दाबलं. सतरा तारीख उघडली आणि आतल्या खोलीत कुणीतरी बॅगेची चेन ओढली.

तेव्हापासून रोज. रोज सकाळी मोजा हरवतो, रोज दुपारी तो निघतो. त्यांनी बॅग लपवून बघितली, दाराला कुलूप घालून बघितलं, पाय धरून बघितले. तो त्या दिवशी जे बोलला तेच बोलतो आणि जातो. त्या काहीही बोलल्या, रडल्या, ओरडल्या, तरी त्याला ऐकू येतं ते नुसतं हं. संध्याकाळी फोन वाजतो. आता त्या तो उचलत नाहीत. भिंतीवरचं बटण बंद करतात आणि पडून राहतात.

"इतकी वर्षं, बाई?"

"सकाळ असते ना गं," त्या म्हणाल्या. "सकाळभर तो घरात असतो."

मग मला म्हणाल्या, की तू आलीस की तो हसतो. तो खरा गेला त्या सतरा तारखेला सकाळी तू प्रिंटर जोडायला पहिल्यांदा आली होतीस. म्हणून मी काहीबाही बिघाड सांगून तुला बोलवायचे. मला आठवले ते सगळे बिघाड. सैल करून ठेवलेल्या वायरी, उलटा घातलेला कागद. मी मनात त्यांना वेंधळी म्हटलं होतं.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं पोट स्क्रूवर चालतं. पण समोरच्या खाटेवरचा तो मोजा घोट्याच्या वर जात नव्हता, आणि त्याला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला फक्त मशीन कळत होतं, म्हणून मी मशीनचंच बोलले. मेलेली बॅटरी ठेवली तर हे असंच अडकून राहणार, आणि तोही. नवी घातली तर मशीन उघडेल, तारीख मी म्हणाल ती लावून देईन, अगदी सतरा लावेन. पण नवी बॅटरी तारीख विसरत नाही. आज सतरा, उद्या अठरा. मग बटण बंद करून उपयोग नाही.

त्या उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"सतरा लाव," त्या म्हणाल्या. "आजची दुपार तरी मिळेल. असा मध्येच अडकलेला नको."

मी जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. माझा कीबोर्ड मशीननं मुकाट्यानं ओळखला. सतरा एप्रिल लावली, वर्ष लावलं, वेळ मनगटावरच्या घड्याळातून घेतली. वेळ दोनदा चुकली, पुन्हा लावली. मशीन उघडलं. प्रिंटर खडखडला, अडकलेली प्रिंट बाहेर आली, आणि आत खाट करकरली.

"काय डॉक्टर," दारातून डोकं आलं, "पेशंट कसा आहे?"

बरा आहे, मी म्हटलं. तो हसला. आमच्या घरच्या हसण्याची मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी टेबलाखाली स्क्रू शोधायचं नाटक केलं.

बाईंनी मला जाऊ दिलं नाही. थांब म्हणाल्या, एकटीनं आज जमायचं नाही. त्यांनी खुर्ची फिरवून दोन्ही दारं दिसतील अशी ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. आत तो शीळ वाजवत होता, कपाट उघडत होता. रस्त्यावर कुणी हातगाडी ढकलत गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पुढे सरकत होती. मला वाटत होतं, ही बॅटरी बसवण्याआधी मी आणखी विचार करायला हवा होता. पण विचार करून मी काय वेगळं केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी तो बॅग घेऊन आला.

"येतो गं ताई."

"नको जाऊस," बाई म्हणाल्या. त्या ते रोज म्हणत असाव्यात, कारण त्यांच्या आवाजात कसलीच आशा नव्हती.

तो थांबला. बॅग खाली ठेवली.

"का गं?"

 बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी कीबोर्डकडे बघितलं. त्या इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यानं कधी उच्चारले नव्हते, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आजचा दिवस राहा," त्या शेवटी म्हणाल्या. "मी टायपिंग बाजूला ठेवते. आपण बोलत बसू."

"मग आधी सांगायचंस ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझं काम चाललंय. मी दारात थांबलो होतो जरा वेळ."

बाई उठल्या आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बाई त्याचा बूट हातात धरून रडत होत्या, तो त्यांच्या डोक्यावर थापटत होता, वेडी आहेस म्हणत होता. मीही रडले, माझं काही नातं नसताना. नोकरीचं काय, असं त्यानं एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, सांगू काहीतरी, बहीण आजारी आहे म्हणून सांगू. गाडीची वेळ पडद्यावर आली आणि टळून गेली. तिघांनीही ती बघितली. मला माझ्या त्या नाण्याएवढ्या बॅटरीचं कौतुक वाटलं, हे लपवत नाही. वाटलं, एवढंच होतं तर मी वर्षानुवर्षं सांगत होते ते बाईंनी आधीच ऐकलं असतं तर.

तो लहानपणीचं काहीतरी सांगत होता. बाई हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. उन्हं टेबलावरून उतरून फरशीवर आली.

फोन वाजला.

बाई हलल्या नाहीत. वाजत राहिला.

"घे की," भाऊ म्हणाला.

त्यांनी उचलला. जुना फोन, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. एका माणसानं घर तेच का म्हणून विचारलं. बाई हो म्हणाल्या. तुम्ही बहीण का? हो. तो माणूस सावकाश, जपून बोलत होता. गाडी पुलावरून खाली कोसळली होती. एकाच्या निळ्या रेघांच्या शर्टाच्या खिशात हा नंबर लिहिलेला कागद मिळाला. कुणीतरी ओळख पटवायला या.

बाईंनी फोनवर हात ठेवला.

"काय सांगू गं?" त्यांनी मला विचारलं.

 फोनमधला माणूस हॅलो, हॅलो म्हणत होता. दाराजवळच्या खुर्चीवर भाऊ शर्टाचा खिसा चाचपत होता. मग त्यानं पँटचे खिसे उलटे करून बघितले, आणि पुन्हा शर्टाचा.